लेकीला अकरावीला जाताना मोबाइल द्यावा का? थोरल्याच्या वेळी घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. कराड-पाटण रस्त्याला फाट्यावर उतरलं की आमचं गाव आत चार किलोमीटर. धाकटी लेक यंदा दहावी झाली. ८६ टक्के पडले आणि अकरावी सायन्सला कराडच्या कॉलेजात नंबर लागला. सकाळी पावणेसातची एसटी. कॉलेज आणि क्लास उरकून संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं परत. मुलींचा पास मोफत आहे, तो खर्च नाही. पण मुक्कामी गाडी चुकली तर फाट्यावर उतरून वडिलांची वाट बघत थांबायचं. पावसाळ्यात तिथं साडेसहालाच अंधार होतो, आणि चहाची टपरी बंद झाली की माणूस नसतं.

तिनं मोबाइल मागितला आहे. हट्ट केला नाही. जेवताना एकदा म्हणाली, "आई, वर्गाचा ग्रुप असतो म्हणे, त्यावरच सगळं येतं." तेव्हापासून घरात रोज तोच विषय.

आधी थोरल्याचं सांगते, म्हणजे माझी भीती कुठून आली ते कळेल.

२०२० साली लॉकडाउनमध्ये तो सातवीत होता. शाळा मोबाइलवर सुरू झाली. माझा फोन अंगणवाडीच्या कामाला, यांचा शेतात यांच्या खिशात. दोन शेळ्या विकून साडेनऊ हजारांचा फोन त्याच्या हातात दिला. द्यावा की न द्यावा असं कुणी बोललंसुद्धा नाही. शिक्षणासाठी पाहिजे म्हटल्यावर दिला. पुढं शाळा सुरू झाली, पण फोन त्याच्याकडेच राहिला. किती वेळ बघतो, काय बघतो, कुणाशी बोलतो, मी कधी विचारलं नाही. पोरगं घरात आहे, डोळ्यांसमोर आहे, एवढ्यावर माझं समाधान होतं.

नववीत असताना एकदा रात्री दोन वाजता मला जाग आली तर गोधडीच्या आतून उजेड दिसला. दुसऱ्या दिवशी बँकेचे मेसेज बघितले. माझ्या फोनवरून तीन आठवड्यांत ४,६०० रुपये एका गेममध्ये गेले होते. यूपीआयचा पिन त्यानं माझ्या खांद्यावरून बघून ठेवला होता. यांनी त्याला मारलं, फोन कपाटात टाकून कुलूप लावलं. दोन महिने पोरगं घरात कुणाशी धड बोललं नाही.

पैशांचं दुःख कधीच ओसरलं. दुसरं आहे ते अजून जात नाही. गेममध्ये ओळख झालेला कुणीतरी मोठा मुलगा त्याला महिनाभर पैशांसाठी धमकावत होता. "नाही दिलेस तर तुझ्या आईला फोन करून सगळं सांगतो," म्हणायचा. हे त्यानं मला दहावीची परीक्षा संपल्यावर सांगितलं. मी विचारलं, तेव्हा का नाही बोललास? म्हणाला, "फोन काढून घेतला असता." मी त्याच्यापासून चार पावलांवर झोपत होते.

आता लेकीच्या वेळी घरातले सगळे एका बाजूला. सासूबाई म्हणतात, पोरीची जात आहे. दीर म्हणतात, थोरल्यानं काय केलं ते बघितलंस ना. ह्यांनी यवतमाळच्या बांशी गावाची बातमी काढून दाखवली. तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२ साली अठराच्या आतल्या मुलांना मोबाइल वापरायला बंदीचा ठराव केला. मी म्हटलं, तो ठराव मुलगा-मुलगी सगळ्यांसाठी होता. आपल्या घरात थोरल्याला सातवीत मिळाला, हिला अकरावीतही नाही, मग हा ठराव कुठला? यावर कुणी काही बोललं नाही.

माझ्या मनात दोन गोष्टींचा गुंता झालाय. थोरल्याचं जे झालं त्याची भीती खरी आहे. पण तिला "नाही" म्हणण्यामागं निव्वळ तीच भीती आहे का, की ती मुलगी आहे म्हणून आहे, हे मला सोडवता येत नाही. साधा बटणांचा फोन घ्यावा की मोठा? मोठा दिला तर काय ठरवून द्यावा? ज्यांच्या घरात पंधरा-सोळाची मुलं आहेत त्यांनी कृपा करून सांगा. कॉलेज सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत.

काउंटरपलीकडून

ताई, मिरजेत माझं मोबाइलचं छोटं दुकान आहे. बारा वर्षं झाली. दहावीचा निकाल लागला की आमचा सीझन. दरवर्षी जे बघतो ते सांगतो. मुलगा असेल तर बाप बरोबर येतो, वीस-पंचवीस हजारांचा नवा डबा फोडतो. मुलगी असेल तर आई तिचा जुना फोन घेऊन येते, "दादा, काच बदलून द्या, पोरीला द्यायचाय." तुमचा प्रश्न वाचल्यावर ते सगळे चेहरे आठवले.

कामाचं बोलतो. अठराच्या आत सिम स्वतःच्या नावावर मिळत नाही, ते तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर घ्यावं लागेल. तुमच्या नावावर घ्या. बँकेला जोडलेला नंबर तिला देऊ नका, नवा घ्या.

अँड्रॉइड फोन घेतला तर गूगलचं फॅमिली लिंक फुकट आहे. तुमच्या फोनवरून तिच्या फोनला रोजची वेळ ठरवता येते, रात्री किती वाजता बंद व्हायचा ते लावता येतं, नवं ॲप घ्यायचं तर तुमच्याकडे परवानगी मागितली जाते, फोन कुठं आहे तेही दिसतं. तिच्यासमोर बसून लावा. चोरून लावलेलं पोरांना दोन दिवसांत कळतं.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि दहातले आठ जण ऐकत नाहीत. खातं उघडताना जन्मसाल खरं टाका. काउंटरवर पोरं पटकन २००० टाकून मोकळी होतात, आईबाप बाजूला उभे असतात. मग कंपनीच्या लेखी ती पंचवीस वर्षांची बाई होते. इन्स्टाग्रामनं २०२५ पासून आपल्याकडेही अल्पवयीन मुलांची वेगळी खाती सुरू केलीत. ती आपोआप खासगी असतात, अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलांना ते नियम आईवडिलांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. जन्मसाल खोटं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही.

वाहक_निवृत्त

मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. त्यातली बरीच तुमच्याच बाजूच्या गाड्यांवर काढली. माझं मत स्पष्ट आहे. बारावीपर्यंत बटणांचा फोन. रात्री फाट्यावर अडकली तर फोन लावण्याशी मतलब. चार्जिंग चार दिवस टिकतं, पडला तर फुटत नाही, चोराला नको असतो. तुमच्या भागात डोंगराच्या आडोशाला रेंज जाते, तिथं मोठा फोन असला काय आणि नसला काय.

तुमच्या थोरल्याला जो त्रास झाला तो बटणांच्या फोनवर झाला नसता. हे कुणीही नाकारू नये.

दुसरं सांगतो ते मात्र जरूर करा. पहिल्या आठवड्यात स्वतः एक दिवस तिच्याबरोबर त्याच गाडीनं जा. वाहक-चालकाला नमस्कार करा, "ही माझी मुलगी, रोज असते" एवढं सांगा. मुक्कामी गाडीला रोजची पोरं तोंडपाठ असतात. एखादी दिसली नाही तर आम्ही स्टँडवर दोन मिनिटं जास्त थांबलोय, आणि त्याबद्दल कंट्रोलरची बोलणीही खाल्लीत. फाट्याजवळच्या एका घरातल्या बाईची ओळख करून ठेवा. वडिलांचा, तुमचा आणि त्या बाईचा असे तीन नंबर तिला पाठ करायला लावा. आजकाल पोरांना स्वतःच्या आईचा नंबर पाठ नसतो. फोन बंद पडला की पोर एकटी पडते.

खडू_फळा

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, सोलापूर जिल्ह्यात. अठरा वर्षं अकरावी-बारावीच्या मुली समोर आहेत. वाहकदादांनी गाडीचं जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. पण बटणांच्या फोनबद्दल मला वेगळं सांगायचंय, आणि थोडं लांबेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते.) घरातून सक्त मनाई, फोन नाही. हुशार, शांत, वेळेवर येणारी. दिवाळीनंतर तिचं लक्ष उडालं. विचारलं की "काही नाही मॅडम". जानेवारीत एका मैत्रिणीनं येऊन सांगितलं की तिच्या दप्तरात कंपासपेटीखाली एक फोन असतो. गावातल्या एका मुलानं दिलेला. सिम त्याचं, रिचार्ज त्याचा, पासवर्डही त्यानंच टाकलेला. तिनं त्याला काही फोटो पाठवले होते आणि आता तो ते सगळ्यांना दाखवीन म्हणत होता. तिला घरी सांगता येईना, कारण सांगायचं म्हणजे आधी फोन होता हे कबूल करायचं. धमकीपेक्षा त्या कबुलीचीच तिला जास्त भीती होती.

घरातून फोन न मिळालेल्या मुलीकडे फोन नसतोच असं धरून चालू नका. मैत्रिणीचा असतो, चुलत भावाचा असतो, नाहीतर असा कुणीतरी दिलेला असतो. त्या फोनवर काय चाललंय हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. आणि तो देणारा माणूस तो केव्हाही परत मागू शकतो.

तुम्ही थोरल्याबद्दल लिहिलंय, "फोन काढून घेतला असता." मी ते वाक्य तीनदा वाचलं. अठरा वर्षांत जितक्या मुली माझ्यासमोर रडल्या, त्यातल्या जवळपास प्रत्येकीनं हेच सांगितलंय. फोन जाईल म्हणून, आणि मुलींच्या बाबतीत पुढं कॉलेजही बंद होईल म्हणून. धमकावणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. त्याचा सगळा जोर आईवडिलांच्या रागावर असतो.

म्हणून फोन द्याल त्या दिवशी, वेळ-बिळ ठरवण्याच्या आधी, तिच्या वडिलांनी आणि तुम्ही दोघांनी समोर बसवून तिला शब्द द्या: काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आम्हाला सांगितलंस तर फोन आणि कॉलेज बंद होणार नाही. हा शब्द वडिलांच्या तोंडून गेला पाहिजे. आणि वेळ आली तर तो पाळायची तयारी असेल तरच द्या. एकदा मोडला तर ती पुन्हा कधी सांगणार नाही.

तिच्या वहीत हेही लिहून ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. १९३० सायबर फसवणुकीसाठी, पैसे गेले तर तासाभरात फोन करावा, तेवढ्या लवकर केला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. अठराच्या आतल्या मुलामुलीचा तसला फोटो कुणाच्या हाती लागला असेल तर "टेक इट डाउन" नावाची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. फोटोवरून एक सांकेतिक ओळख तयार होते, तेवढीच सहभागी कंपन्यांकडे जाते आणि त्यांच्याकडे तो फोटो कुणी चढवला तर तो ओळखून काढता येतो. पोलिसांत गेलात तर पॉक्सो कायदा लागू होतो. मुलीनं स्वतः फोटो पाठवला म्हणून धमकावणारा सुटत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सुरज गावानं २०१६ साली मोबाइलबंदी केली होती ती फक्त अविवाहित मुलींवर. मुलांवर नाही. तिथं ते उघड बोलून केलं. आपल्या घरांत तेच न बोलता होतं. तुम्हाला ते खटकलं, हे मला फार बरं वाटलं.

यारा_काठावरून

मी इचलकरंजीची, गेली चौदा वर्षं मेलबर्नला. मुलगा चौदाचा. इथं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. व्हॉट्सॲप यात नाही, त्यामुळे आजीशी व्हिडिओ कॉल चालू आहेत.

माझ्या घरात फरक काय पडला? रोजचं भांडण थांबलं. "सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच का नाही" हे वाक्य गेलं. काही मुलांनी मोठ्या भावाचा चेहरा दाखवून पळवाट काढलीच, पण निदान मी एकटी वाईट ठरत नाही. तुमच्याकडे असा कायदा नाही, म्हणून तिच्या वर्गातल्या दोन-तीन मैत्रिणींच्या आयांना गाठा आणि रात्रीची वेळ सगळ्यांनी एकच ठेवा. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, ती बातमी इथं वाचून मी कितीतरी मैत्रिणींना पाठवली होती. त्यात मला सर्वांत आवडलं ते हे की मोठ्यांचेही फोन बंद.

बारावी_सायन्स

काकू, मी स्वतः यंदा बारावीला आहे, रोज एसटीनं जाते. अकरावीला माझ्याकडे बटणांचा फोन होता. एक दिवस सांगते. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आणि सगळे तास रद्द झाले होते, मेसेज रात्री दहाला ग्रुपवर आला. मला कळलं नाही. मी सकाळची गाडी पकडून गेले, कॉलेजला कुलूप. परतीची गाडी दुपारी एकला. पाच तास स्टँडवर बसले. एक माणूस तीनदा येऊन विचारून गेला, "एकटीच का?" बटणांचा फोन हातात होता. पप्पांना लावला, ते कामावर होते, उचलला नाही.

नोट्स, पीडीएफ, स्कॉलरशिपच्या फॉर्मचा ओटीपी, सगळं मैत्रिणीच्या फोनवर. तिला सारखं विचारायचं म्हणजे मला रडू यायचं. शेवटी मी विचारणंच बंद केलं आणि युनिट टेस्टला मार्क गेले.

एक विनंती करू का? आईनं पासवर्ड मागितला तर मी देते. आमच्यात तसंच ठरलंय. पण माझा दादा माझा फोन हातात घेऊन मेसेज वाचायचा आणि त्यावर बोलायचा, ते मला सहन व्हायचं नाही. फोन कुणी बघायचा ते आधी ठरवा. काका, आजोबा, भाऊ, सगळ्यांनी बघायचा असेल तर तिला नकोच वाटेल.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, तुमचं लिहिलेलं मी रात्री यांना वाचून दाखवलं. हे बराच वेळ गप्प होते. मग उठून गोठ्यात गेले. सकाळी चहा घेताना म्हणाले, "थोरल्याला मी मारायला नको होतं." यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

काल दुपारी अंगणवाडी सुटल्यावर लेकीला जवळ बसवलं. सकाळभर पोषण आहाराची पाकिटं वाटली होती. आता प्रत्येक बाईचा चेहरा ॲपमध्ये पडताळावा लागतो. रेंज नव्हती, माझं डोकं चढलं होतं, तरी बसले. तिला म्हटलं, तुला फोन द्यायचा असं माझं मन झालंय, पण आधी तू मला खरं सांग. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आई, माझं इन्स्टाला खातं आहे. नववीपासून. मैत्रिणीच्या फोनवर."

माझ्या पोटात गोळा आला. नववीपासून, म्हणजे दोन वर्षं. मला ओरडायचं होतं. मॅडम, तुमच्यामुळे ओरडले नाही. विचारलं, कुणी त्रास दिला का? म्हणाली, एकदोघांनी काहीबाही लिहिलं होतं, मी आणि मैत्रिणीनं मिळून ब्लॉक केलं. दोघींनीच निस्तरलं होतं सगळं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, मला दुसरं काही सुचेना.

थोरल्याला हॉस्टेलवर फोन केला. वाटलं, तो म्हणेल नको देऊस. तो म्हणाला, "दे तिला. पण माझ्यासारखं रात्री तिच्याजवळ ठेवू नको. आणि पप्पांना सांग, अधूनमधून नुसतं विचारत जा, आज काय बघितलंस म्हणून. मला कुणी विचारलंच नाही कधी."

ठरलं ते असं. फोन घ्यायचा, दहा-बारा हजारांच्या आतला, नवा. जुना नाही, दादांनी काचेचं लिहिलं ते मनाला लागलं. सिम माझ्या नावावर. पासवर्ड फक्त मला माहीत, आणि बघायचा झाला तर तिला सांगून बघायचा. रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात, यांचा आणि माझासुद्धा. दीर या घरात राहतात पण ते मानणार नाहीत, त्यांच्याशी वाद घालत बसणार नाही. सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोललेल्या नाहीत. शब्द द्यायचा आहे तो हे देणार आहेत, शनिवारी, फोन आणल्यावर. वाहकदादा, पहिल्या सोमवारी मी स्वतः गाडीत असेन, आणि फाट्याजवळच्या काकूंना परवा भेटून आले.

मिरजेच्या दादांना एक विचारायचंय. तिच्या त्या जुन्या खात्याला जन्मसाल १९९९ टाकलंय, मैत्रिणीच्या दादाचं बघून. ते तसंच नव्या फोनवर घ्यायचं की काय करायचं?

काउंटरपलीकडून

तसंच घेऊ नका ताई. आधी मैत्रिणीच्या फोनवरून ते खातं तिच्याच हातानं कायमचं बंद करायला लावा, नुसतं लॉगआउट नको, नाहीतर ते तिकडे उघडंच राहील. त्यातले फोटो तिला हवे असतील तर ते आधी उतरवून घ्या. नव्या फोनवर पहिल्यांदा गूगलचं खातं खऱ्या जन्मतारखेनं, मग फॅमिली लिंक, आणि इन्स्टा सगळ्यात शेवटी. तेही तिला हवं असेल तरच. शनिवारी दुकानातून घाईनं बाहेर पडू नका, पाऊण तास लागतो. अडलात तर इथं लिहा, मी रात्री दहापर्यंत बघतो.

कोयनाकाठ

आमच्यात साडेनऊलाच फडताळ बंद होतं, दादा. त्याच्या आत लिहीन.